अण्णांच्या कानांना पटलेली गल्ली

नागपूरला जायचं हे एका संध्याकाळी ठरलं. नागपुरात उतरायचं कुठं, हे ठरवायला मात्र मला त्याच्या कितीतरी पट वेळ लागला.

अण्णा म्हणजे माझे वडील. रत्नागिरीत त्यांचं वह्या-पुस्तकांचं दुकान होतं. काचबिंदूनं त्यांची नजर हळूहळू नेली. आधी दोन्ही कडा गेल्या, मग मधलंही गेलं. आता उजेड आहे की अंधार, एवढंच त्यांना कळतं. तरीही पांढरी काठी टेकत ते रोज बाजारापर्यंत जायचे. गेल्या वर्षी एका मोटारसायकलचा धक्का लागून पडले आणि हात मोडला. हात जुळून आला, पण मी त्यांना एकट्यानं अंगणाबाहेर जाऊ देणं बंद केलं. घरात आम्ही दोघंच. मी शाळेत शिकवायला जाते, दिवसभर माझा जीव टांगणीला. त्यापेक्षा ते ओसरीवर बसलेले बरे, असं माझं म्हणणं. त्यांनी त्यावर कधी वाद घातला नाही. फक्त बोलणं कमी केलं.

नाताळच्या सुट्टीत कुठं जाऊया, असं मी विचारलं, तेव्हा बऱ्याच दिवसांनी ते सविस्तर बोलले.

"समुद्र नसलेल्या गावी ने. जन्मभर कानात तोच आहे. आणि एक अट आहे हो सुलू. तिथं मला एकट्याला फिरता आलं पाहिजे. नाहीतर ओसरी इथंही आहे."

मी नागपूर काढलं ते एकाच कारणासाठी. ते सपाट आहे. आमच्याकडे उंबरा ओलांडला की एक तर घाटी चढायची, नाहीतर उतरायची. काठीवाल्या माणसाला सपाट रस्त्यासारखं सुख नाही.

मग मी मोबाइलवर खोल्या बघत बसले. लोकांनी लिहिलेले अभिप्राय वाचले. 'अतिशय शांत परिसर', 'रुंद रस्ते', 'गेटवर चोवीस तास पहारा', 'गर्दीचा त्रास नाही'. शांत आणि सुरक्षित हे दोन शब्द सगळीकडे जोडीनंच यायचे. मला ते पटलं. शहराच्या पश्चिमेकडची एक झाडीची, बंगल्यांची वस्ती मी निवडली आणि आपण फार विचारपूर्वक काम केलं म्हणून खूश झाले.

बंगल्यांची वस्ती

खोली सुंदर होती. खिडकीतून कडुनिंब दिसायचा. थंडी अशी की आम्हा कोकणातल्या माणसांनी स्वेटरवर शाल घेतली. सकाळी अण्णांना घेऊन बाहेर पडले, तर रस्त्यावर पानं पडल्याचाही आवाज यावा इतकी शांतता. अण्णा थोडं चालले, थांबले, मान तिरकी करून ऐकत राहिले.

"सुलू, इथं माणसं राहतात ना गो?"

"राहतात की. मोठमोठे बंगले आहेत."

"मग बोलत का नाहीत?"

मी हसले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळीला गेले असताना ते काठी घेऊन एकटेच निघाले. अट तीच होती, त्यामुळे त्यांचं काही चुकलं नव्हतं. कोपऱ्यापर्यंत गेले आणि परत फिरले. पण तिथल्या सगळ्या भिंती एकसारख्या, सगळी फाटकं लोखंडी, आणि विचारायला रस्त्यावर चिटपाखरू नाही. त्यांनी भलत्याच बंगल्याचं फाटक उघडायचा प्रयत्न केला. तिथला पहारेकरी धावून आला. कोण तुम्ही, कोणाकडे आलात, आत काय काम, असं त्यानं दरडावून विचारलं. अण्णांना आमच्या बंगल्याच्या मालकाचं नाव सांगता येईना. मी धावत पोचले तेव्हा ते फाटकाबाहेर काठी दोन्ही हातांनी छातीशी धरून उभे होते. शाळेत वर्गाबाहेर काढलेली मुलं अशी उभी राहतात.

पहारेकऱ्यानं माझी माफी मागितली. अण्णांची मागितली नाही.

दुपारी अण्णा म्हणाले, "परतीची गाडी अलीकडची मिळते का बघ."

रिक्षातला सल्ला

परतायचंच, तर निदान जेवून तरी घेऊ, म्हणून मी रिक्षा बोलावली. रिक्षावाले गृहस्थ साधारण पन्नाशीचे, मफलर गुंडाळलेले. नाव दिनेशभाऊ. अण्णांचा चेहरा त्यांनी आरशात पाहिला असणार.

"बाबा नाराज दिसून राहिले. तब्येत ठीक आहे न?"

मला कोणाला तरी सांगायचंच होतं. मी सगळं सांगितलं.

"अरे बाप्पा!" दिनेशभाऊंनी रिक्षा चक्क बाजूला घेतली. "मंग तुम्ही तिकडे काहून राहिले? तिथं त आम्ही सवारी सोडाले गेलो तरी पत्ता विचाराले मानूस भेटत नाही. बाबाले दिसत नाही म्हणता, त त्याईले आवाज पाहिजे न जी! आमच्या नंदनवन वस्तीत चला. माह्या घराजवळ वंदनाताई खोली देते. पोरगा पुण्याले शिकाले गेला, खोली खाली आहे."

अनोळखी शहर, अनोळखी रिक्षावाला, आणि तो म्हणतो माझ्या गल्लीत चला. माझ्या मनात काय काय आलं ते लिहायला नको. मी नम्रपणे नको म्हणणार, तेवढ्यात अण्णांनी पुढच्या दांड्याला धरून विचारलं, "तुमच्या गल्लीत आवाज कसले असतात?"

दिनेशभाऊ विचारात पडले. "आता पाहा... पिठाची चक्की आहे. पोह्याचा ठेला आहे. सकाळी विहारात बुद्धवंदना चालते. पोट्टे कल्ला करतात. आन् बायका भांडतात."

"चला," अण्णा म्हणाले.

नंदनवन

वंदनाताई रामटेके कोराडीच्या वीजकेंद्राजवळ एका कार्यालयात कारकून आहेत. सकाळी बसनं जातात, संध्याकाळी केसांवर राखेची बारीक धूळ घेऊन येतात. आम्ही पोचलो तो त्यांच्या सुट्टीचा दिवस. घर बैठं, दारासमोर तुळशीऐवजी गुलाबाच्या कुंड्या, आत भिंतीवर बुद्धाची तसबीर. रस्त्याला लागूनच आमची खोली. मी खिडकीचे गज हलवून पाहिले, कडी पाहिली आणि शेवटी विचारलंच, "ताई, हा भाग सुरक्षित आहे ना?"

"कोनासाठी?" त्यांनी शांतपणे विचारलं.

माझा हात अजून कडीवरच होता.

"तसं नाही जी," त्या हसल्या. "रात्री उशिरा तुम्ही एकट्या मोठ्या रोडवर जाल त मी नको म्हणीन. बाबासाठी विचाराल, त इथं कोनी पडलं तर उचलाले दहा हात येते. पन सगळे विचारतीन, कुठून आले, काहून आले, पोरीचं लग्न काहून नाही केलं. ते सहन होत असन त राहा."

असा प्रामाणिक अभिप्राय मला मोबाइलवर कुठं वाचायला मिळाला नव्हता. आम्ही राहिलो.

त्यांच्या सासूबाई, गल्लीत सगळे त्यांना आजी म्हणतात, दिवसभर फाटकाजवळ उन्हात खुर्ची टाकून बसायच्या. पांढरं लुगडं, जाड चष्मा, गल्लीतल्या प्रत्येकावर बारीक नजर. अण्णांची आणि त्यांची खुर्ची पहिल्याच सकाळी शेजारी लागली. आमच्याकडे बायकांना 'गो' म्हणतात तसं इथं 'वं'. आजी सुनेला हाक मारायच्या, "वंदना वं, बाबाले चहा दे!" आणि अण्णा मनाशी तो 'वं' घोळवत बसायचे.

एका सकाळी आजी सांगत होत्या, छप्पन साली धम्मदीक्षेच्या वेळी त्या लहान होत्या, वडिलांच्या खांद्यावर बसून त्यांनी तो सोहळा पाहिला. "पांढरेच पांढरे कपडे दिसे, जिकडे पाहाल तिकडे."

अण्णांनी विचारलं, "आणि आवाज कसा होता हो?"

आजींनी लुगड्याचा पदर सारखा केला. मला वाटलं, विचारायला नको होतं. मग त्या सावकाश म्हणाल्या, "हे मले कोनी विचारलंच नाही आजपर्यंत. आधी लय गलबला होता. मंग एकदम चूप. एवढे लोकं, पन चूप. आन् मंग सगळे एकसाथ बोलले. बापाच्या छातीतला आवाज माह्या पायाले लागे."

अण्णांनी हात पुढे केला, अंदाजानं. आजींनी तो धरला आणि दोघं तसेच बसून राहिले. मी आत निघून गेले.

पोहे आणि चक्की

नागपूरकर पोह्यांवर झणझणीत रस्सा ओततात, हे मी ऐकून होते. ठेल्यावर पहिल्यांदा ती बशी हातात आली तेव्हा अण्णांना वाटलं, काहीतरी सांडलं. "अहो, पोह्यांत पाणी पडलंय."

"पानी नाही बाबा, तर्री आहे!" ठेलेवाला आनंदानं ओरडला. हरभऱ्यांचा तो लालभडक रस्सा. ओलं खोबरं आणि कोथिंबीर भुरभुरलेल्या पोह्यांवर वाढलेला माणूस, पहिल्या घासाला अण्णांच्या नाकाडोळ्यांतून पाणी. दुसऱ्या घासाला म्हणाले, "वाईट नाही." बशी संपल्यावर अजून थोडी तर्री मागून घेतली. मी मात्र शेवटपर्यंत काठाकाठानंच खाल्लं. वंदनाताईंनी केलेला वडाभात मला जास्त मानवला. गरम भातावर डाळीचे वडे कुस्करायचे आणि वरून हिंग-मिरचीची फोडणी ओतायची. आमच्याकडे भाताला माशाची सोबत लागते, इथं वड्याची.

सुरुवातीला मी अण्णांच्या बरोबर चालायची. ते मला नकाशा पाठ करून दाखवायचे. चक्कीची घरघर उजव्या कानाला आली की सरळ. इस्त्रीच्या कोळशाचा वास आला की तिथं गटाराचं झाकण उचललेलं आहे, डावीकडून. पोह्याच्या कढईवर झारा वाजला की वळायचं. मग मी थोडी मागे राहू लागले. मग त्यांनी सांगितलं, "आता तू आजींकडे बस."

पहिल्यांदा ते एकटे गेले, तेव्हा मी आजींच्या शेजारी बसून बोटं मोडत होते. आजी म्हणाल्या, "काहून एवढी घाबरतेस वं? गल्ली पाहून राहिली न त्याले." थोड्या वेळानं अण्णा संत्र्यांची पिशवी घेऊन आले. काठी नेहमीपेक्षा जोरात आपटत येत होते.

गांधीबाग, आणि त्यानंतर

वंदनाताईंना पुढची सुट्टी मिळाली तेव्हा त्या मला गांधीबागेत घेऊन गेल्या. कापडाचा ठोक बाजार. गाठोडी डोक्यावर घेऊन हमाल 'बाजू, बाजू' म्हणत अंगावरून जातात. दुकानदार गादीवर बसून कापडाची ठाणं अशी उलगडतात की बाईनं नको म्हणू नये. बोली निम्मी हिंदी, निम्मी मराठी. मी शाळेतल्या मैत्रिणींसाठी साड्या घेतल्या. अण्णांना मी मुद्दामच घरी ठेवलं होतं, त्या गर्दीत नको म्हणून. खरं सांगायचं तर कितीतरी महिन्यांनी मी एकटीनं बाजार केला आणि मला फार बरं वाटलं. त्या बरं वाटण्यात मी घड्याळाकडे बघायचं विसरले.

परत आलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. आजींच्या शेजारची खुर्ची रिकामी.

"फिराले गेले," आजी म्हणाल्या. "बराच वेळ झाला आता." त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. अण्णांचा फोन खोलीत चार्जिंगला लावलेला होता.

मी साड्यांची पिशवी तिथंच टाकली आणि निघाले. चक्कीपाशी पोचले तर रस्ता बंद. नळाच्या कामासाठी आम्ही गेल्यावर तो खोदला होता. मातीचा ढीग, पुढं खोल चर. चक्की बंद, कारण वीज तोडलेली. अण्णांच्या नकाशातली पहिली खूणच पुसली गेली होती. मी चरात वाकून बघितलं. काय बघत होते ते माझं मला माहीत.

पलीकडून इस्त्रीवाल्या बाईंनी हाक मारली. "बाबाले पाहून राहिल्या काय? इकडून गेले. मीच हात धरून मातीच्या बाजूनं काढलं त्याईले."

मी धावत ठेल्यापाशी गेले. ठेलेवाला कढई घासत होता. "हाव, आले होते. मले म्हणे, मोठा रोड कुठं आहे? मी म्हणलं, बाबा, काहून? त म्हणे, काम आहे."

"आणि तुम्ही जाऊ दिलंत?"

"जाऊ नको देऊ त काय करू ताई? मोठे मानूस आहे ते."

मोठ्या रस्त्यावर पोचले. ट्रक, बस, मोटारसायकली, सगळं एकमेकांत घुसत चाललेलं. इथं कोणी कोणाला ओळखत नव्हतं. फळांच्या गाडीवाल्याला विचारलं, त्यानं मान हलवली. बसथांब्यावरच्या मुलींना विचारलं, त्यांनी पाहिलं नव्हतं. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून देवाला काय काय कबूल केलं. आता घरी गेल्यावर त्यांना पुन्हा कधीही एकटं सोडणार नाही, हे त्यात पहिलं होतं.

तेवढ्यात रस्त्याच्या पलीकडे, दुकानांच्या रांगेत, मला अण्णा दिसले.

न्हाव्याच्या दुकानात, काचेआड, उंच खुर्चीवर बसले होते. गळ्याभोवती पांढरं कापड, गालांवर फेस. दुकानात आणखी दोघं-तिघं बाकावर बसलेले, कोणीतरी हातवारे करून बोलत होता. फेसातूनच अण्णा काहीतरी म्हणाले आणि सगळं दुकान हसलं. न्हाव्यानं वस्तरा बाजूला धरला आणि तोही हसला.

रस्ता ओलांडून मी काचेपाशी गेले. आत जाऊन काय बोलायचं ते सगळं ओठांवर तयार होतं. अण्णा मोठ्यानं सांगत होते, "घरी येतो हो न्हावी. मुलगी बोलावते. दाढी उत्तम करतो. पण दाढी काय, घरी होते. गप्पा घरी होत नाहीत!" बाकावरचा माणूस म्हणाला, "एकदम बराबर, काकाजी!"

मी दारातून बाजूला झाले आणि शेजारच्या दुकानाच्या पायरीवर उभी राहिले. वंदनाताईंना फोन करून सांगितलं, सापडले. आवाज न करता रडले थोडी. पदरानं तोंड पुसलं.

अण्णा बाहेर आले ते गाल चोळत. चालत रस्त्याच्या कडेशी आले आणि काठी उभी धरून थांबले. माझ्यापासून हाताच्या अंतरावर होते. रहदारीकडे कान लावून त्यांनी मोठ्यानं विचारलं, "कोणी पलीकडे जाणार आहे का?"

माझा हात पुढं जाऊ नये म्हणून पदराचं टोक मुठीत आवळून धरलं. तो प्रश्न रस्त्याला विचारला होता, मला नव्हता. गाड्या गेल्या, आणखी गेल्या. मग हातात भाजीची पिशवी घेतलेली एक बाई वळली. "चला काका, मले तिकडेच जायचं आहे," असं म्हणून तिनं कोपर पुढं केलं, आणि दुसरा हात ट्रकसमोर असा वर केला की ट्रक मुकाट्यानं थांबला. दोघं पलीकडे गेले. मीही गेले, मागून.

गल्लीत शिरल्यावर अण्णा एकटेच चालू लागले. मातीच्या ढिगापाशी वाट चुकले. काठी पुढं रिकाम्या जागेत गेली, पाय घसरला आणि ते एका गुडघ्यावर बसले, चराच्या अगदी काठाशी. माझ्या तोंडून आवाज निघणार होता. पण त्यांनी हात टेकून माती चाचपली, काठ कुठं आहे ते बोटांनी शोधलं, मागे सरकले, उठले. धोतराची माती झटकली. टोपी नीट केली. कोणी पाहिलं नाही ना, असं वाटणाऱ्या माणसाची मान जशी वळते, तशी मान दोन्हीकडे वळवली. आणि मग सावकाश, भिंतीला हात लावत, त्या जागेतून निघाले.

मी दुसऱ्या बोळातून वळसा घालून आधी घरी पोचले.

अण्णा फाटकातून आत आले तेव्हा आजींनी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं, वंदनाताईंनी चहा टाकला आणि दिनेशभाऊ, जे मधल्या वेळात रिक्षा घेऊन शोधायला गेले होते, तेही येऊन पायरीवर टेकले. अण्णांनी चहाचा कप दोन्ही हातांत धरून सगळी हकीकत सांगितली. इस्त्रीवाल्या बाईंचा हात, ठेलेवाल्यानं सांगितलेला रस्ता, न्हाव्याच्या दुकानात संत्र्याच्या भावावरून झालेलं भांडण, कोण कोणाला काय म्हणालं, सगळं नकलांसकट. ट्रक थांबवणाऱ्या बाईचा आवाज तर त्यांनी असा काढला की आजी चष्मा काढून डोळे पुसायला लागल्या. गेल्या वर्षभरात ते एका दमात इतकं बोलले नव्हते.

चराचं मात्र त्यांनी काही सांगितलं नाही.

"आणि येताना?" वंदनाताईंनी विचारलं. "तिथं खोदून ठेवलं आहे न."

"येताना काय," अण्णा म्हणाले, "सरळ आलो."

त्यांच्या धोतरावर गुडघ्यापाशी ओल्या मातीचा भला मोठा डाग होता. तो सगळ्यांना दिसत होता. वंदनाताईंनी माझ्याकडे पाहिलं, आजींनी पाहिलं. मी चहाचा रिकामा कप त्यांच्या हातातून घेतला.

"दाढी छान झालीय," मी म्हटलं. "उद्या सकाळी कुठं जाणार आहात?"